आरोळीचे ऋण

संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी रसांच्या पंक्तीत भयानकाला पाट मांडून दिला खरा. परंतु वाढताना त्याच्या पानात फारसे काही पडले नाही. शृंगार, वीर, करुण यांच्या विवेचनाला पाने पुरत नाहीत, आणि भयानकाचा स्थायी भाव भय, वर्ण काळा, देवता काल, एवढे सांगून बहुतेक ग्रंथकार पुढे चालू लागतात. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने तर त्याच्या शेजारी कोणी बसू नये याचाही निर्बंध घातला आहे. हास्य आणि भयानक हे त्याच्या मते विरोधी रस. हा नियम आम्ही पंचवीसएक वर्षे महाविद्यालयात मोठ्या विश्वासाने सांगत आलो. तो सर्वत्र लागू पडत नाही, हे आम्हांस एका मालवणी नटाने आणि एका अमेरिकन गायकाने शिकविले. आणि शिकण्यापूर्वी आमच्या हातून त्यांतील पहिल्यावर थोडा अन्यायही घडला. प्रस्तुत लेख ही त्या अन्यायाची उशिरा केलेली भरपाई समजावी.

ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी कोलशेत म्हणून जुने गाव आहे. गावठाणाभोवती आता उंच इमारतींचे रान माजले असून त्यांत सिंधुदुर्गाकडून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. गेल्या माघात त्यांपैकी काही मंडळींनी आमच्या इमारतींच्या आवारात दशावताराचा एक खेळ ठरविला. कोकणातल्या जत्रेत हा खेळ रात्रभर चालतो; येथे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे असा प्रश्न पडला, व प्राध्यापक म्हणून व्यवस्थापक मंडळी सल्ल्यासाठी आमच्याकडे आली. मुख्य आख्यानापूर्वी गणपती, सरस्वती, संकासुर, विष्णू इत्यादींची जी सोंगे येतात, त्या भागास आड दशावतार म्हणतात. त्यांतला हा वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात, तोंड झाकून, निमुळती टोपी घालून येतो. तो दिसावयास भेसूर. परंतु बोलू लागला की अस्सल मालवणीतून सूत्रधाराची अशी फिरकी घेतो की प्रेक्षकांची मुरकुंडी वळते, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "तो भाग गाळा. पोरखेळ आहे. आख्यानाला तेवढाच वेळ मिळेल."

खेळाच्या दिवशी संध्याकाळी रंगपटावरून जाताना आम्ही एक प्रकार पाहिला. आपला भाग गाळला गेल्याची वार्ता संकासुराच्या नटास पोहोचली नव्हती. तो काळा वेष चढवून तयार होता. ध्वनिक्षेपक लावणाऱ्याने आवाज तपासू म्हणताच त्याने पडद्याआडून एकच आरोळी ठोकली. तीत शब्द नव्हता. आवारात सायकली फिरविणारी दहाबारा मुले जागच्या जागी थिजली. एक लहानगी आईच्या ओढणीआड शिरली. मग पडदा सारून ती काळी टोपी बाहेर डोकावली, आणि तीच मुले खदखदून हसू लागली. सगळ्यांत पुढे असलेल्या मुलास त्याने विचारले, "भियालंस? मगे हसतंस कित्याक?" भ्यालास ना, मग हसतोस कशाला? मुलाजवळ उत्तर नव्हते. विश्वनाथाजवळही नसावे. रात्री आख्यान यथासांग पार पडले. संकासुर झाला नाही.

हा प्रसंग आम्ही पुढे एका विद्यार्थ्यास सांगितला. पाश्चात्य संगीताचा त्याला नाद आहे. तो म्हणाला, "सर, असाच एक माणूस अमेरिकेत होऊन गेला," आणि त्याने आम्हांस एक ध्वनिमुद्रण ऐकविले. रॉक अँड रोल या संगीताविषयी आमच्या पिढीतील बहुतेक प्राध्यापकांचे जे मत असते तेच आमचे होते, म्हणजे ऐकण्यापूर्वीच बनलेले. ते ध्वनिमुद्रण 1956 सालचे. गीत 'आय पुट अ स्पेल ऑन यू', आणि गायक क्लीव्हलँड येथे 1929 साली जन्मलेला जे हॉकिन्स हा कृष्णवर्णीय कलावंत. त्याच्या नावामागे पुढे 'स्क्रीमिन', म्हणजे किंचाळणारा, हे विशेषण कायमचे चिकटले.

गीताचा आशय अगदी साधा आहे. प्रेयसी हातची निसटते आहे असे पाहून प्रियकर तिला म्हणतो की, मी तुझ्यावर मंत्र टाकला आहे. विशेष असे की, याच गायकाने हेच गीत 1955 साली दुसऱ्या एका कंपनीसाठी गायिले होते, व तेव्हा ते सभ्य चालीचे, मंद लयीचे प्रेमगीत होते. शब्द तेच आणि गायक तोच असता एका वर्षात काय पालटले? हॉकिन्सच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी निर्मात्याने खाण्यापिण्याची रेलचेल केली होती, सर्व मंडळी मद्याने धुंद होती, आणि आपण काय गायिलो हे त्याला स्वतःला पुढे आठवत नव्हते. ते काही असो. आपल्या दादऱ्याची आठवण व्हावी अशा तिहेरी झुलत्या लयीत वाद्ये चालू लागतात, प्रियकर आपले गाऱ्हाणे मांडू लागतो, आणि थोड्याच वेळात भाषा त्याला पुरेनाशी होते. गाणे गुरगुरण्यात, गुरगुरणे हसण्यात, हसणे किंकाळीत मिसळून जाते. पहिल्या मुद्रणातील प्रियकर 'मी मंत्र टाकला' असे सांगतो. दुसऱ्यातील प्रियकराला स्वतःलाच त्या मंत्राने झपाटलेले आहे. मत्सराने वेडा झालेला माणूस इतरांना जसा भीतिदायक तसाच हास्यास्पद दिसतो, हे सत्य त्या किंकाळीने उघडे केले. अनेक नभोवाणी केंद्रांनी ही ध्वनिमुद्रिका लावण्याचे नाकारले. त्यांना शब्दांत बोट ठेवण्याजोगे थोडेच सापडले असते. त्यांना सहन झाली नाही ती शब्दावाचूनची बाजू.

पुढे ॲलन फ्रीड या त्या काळच्या विख्यात निवेदकाने त्याला सुचविले की, रंगमंचावर शवपेटीतून बाहेर यावे. हॉकिन्सने आधी नकार दिला. तीनशे डॉलर देऊ केल्यावर तो तयार झाला, अशी हकीकत आहे. तेव्हापासून शवपेटी, अंगावर झगा, हातात काठीवर खोवलेली 'हेन्री' नावाची कवटी आणि धुराचे लोट हा त्याचा संसार ठरून गेला. भयानक रसाला रॉक अँड रोलच्या दरबारात प्रथम वर्दी देणारा तो हा कलावंत.

ही हकीकत ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे मात्र सांगली उभी राहिली. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी तेथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून मोजतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना हे काम सांगितले होते. त्या खेळांतून सूत्रधार पदे म्हणे, विदूषक थट्टा करी, देव येत, स्त्रीपात्रे येत, आणि मग ढाल-तरवारी परजीत, 'अलल डुर्र' अशा आरोळ्या ठोकीत राक्षस येत. पुढे इंग्रजी विद्येचा प्रसार झाला, 1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक झाले, शेक्सपिअरची रूपांतरे आली, 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले. आणि सुशिक्षितांच्या तोंडी त्या जुन्या खेळांना एक तुच्छतादर्शक नाव पडले, अललडुर्र नाटके. आम्हीही वर्गात हा शब्द उच्चारीत आलो तो मुलांना हसविण्यासाठी. मराठी नाटकाचे ते बालपण, असे आम्ही सांगत असू, आणि तेथून झपाट्याने देवलांपर्यंत येत असू.

आता असे वाटते की, या तुच्छतेचे एक कारण रसिकतेत नसून छापखान्यात आहे. भाव्यांनी रचिली ती पदे. संवाद नट आयत्या वेळी बोलत. ती पदे 1885 साली 'नाट्यकवितासंग्रह' म्हणून छापली गेली व वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली. आरोळी छापता येत नाही. छापली तर तिची 'अलल डुर्र' अशी पाच अक्षरे होतात, आणि ती अक्षरे खरोखरच हास्यास्पद दिसतात. हॉकिन्सच्या गीताचे शब्द कागदावर लिहून काढले तर तेही एक सामान्य प्रेमगीतच ठरेल. वाङ्मयाचे इतिहासकार कागदावर जगतात. म्हणून ज्या कलेचे मर्म कागदावर उतरत नाही ती त्यांना पोरकट वाटते. हॉकिन्सला त्याचा आवाज धरून ठेवणारे यंत्र तरी लाभले. सांगलीच्या राक्षसाला तेही लाभले नाही.

राक्षसाचा वंश यामुळे खुंटला नाही. 1907 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' आले. कीचक जातीने राक्षस नव्हे; परंतु रंगभूमीवरील कुळाने तो त्या जुन्या राक्षसाचाच वारस. फरक इतकाच की, या वेळी भ्यावयाचे कोणाला हे प्रेक्षकांना ठाऊक होते. कीचकात त्यांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ज्या सोंगाला सुशिक्षित हसत होते त्याला सरकार भ्याले. आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे, बोहाड्याच्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात व वाद्यांच्या गजरात देवांची आणि दैत्यांची सोंगे अजूनही नाचतात. अलीकडे 2024 साली कोकणातल्या मुंजाच्या कल्पनेवर 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट निघाला. तोही हसवीत हसवीत भिवविणारा आहे, आणि लोकांनी तो उचलून धरला. भय आणि हास्य यांची ही जोडी आपल्या लोकांनी कधीच मोडली नव्हती. ती मोडली होती फक्त आमच्या टिपणवहीत.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मुखवटे चढवून किंचाळणाऱ्या सर्वांनाच आता थोर म्हणावयाचे काय? मुळीच नाही. आरोळीचे अनुकरण सोपे नाही, वेषाचे मात्र सोपे आहे. आणि हॉकिन्सच्या अनुयायांपैकी कित्येकांनी वेषच तेवढा उचलला. इंग्लंडातील डेव्हिड सच याने 'स्क्रीमिंग लॉर्ड सच' असे नाव घेतले, शवपेटीही घेतली, व 1963 साली लंडनच्या कुप्रसिद्ध खुन्यावर 'जॅक द रिपर' हे गीत गायिले. माणूस गमतीदार, पण डोळे मिटून ऐकले तर भिण्यासारखे काही उरत नाही. 1962 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले बॉबी पिकेटचे 'मॉन्स्टर मॅश' हे गीत चित्रपटांतील राक्षसांची निव्वळ थट्टा आहे. त्यात हास्य आहे, भय नाही. आणि म्हणूनच तेथील भुतांच्या सणाला ते दरवर्षी फराळासारखे निर्धास्तपणे वाढले जाते. ॲलिस कूपरने 1970 नंतर रंगमंचावर शिरच्छेदाचे यंत्रच उभे केले. त्याच्या गाण्यांत जोम आहे. परंतु त्या यंत्राची आठवण गाण्यापेक्षा अधिक राहते, ही त्याची मर्यादा. डोळे मिटून ऐकणे हीच आमच्या मते या संप्रदायाची कसोटी. वेष दिसेनासा झाल्यावर जे भय उरते ते कलेचे. जे नाहीसे होते ते नेपथ्याचे.

या कसोटीला उतरणारा वारसा शोधावयाचा तर तो 1970 साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सापडतो. शवपेटीचे खूळ बाजूस ठेवून या कारखान्यांच्या गावातील तरुणांनी भय स्वरांतच शोधले. त्यांच्या त्याच नावाच्या गीताचा मुख्य तुकडा षड्ज, तारषड्ज आणि त्यावरून उतरून तीव्र मध्यम, एवढाच आहे. आमच्या वाचकांना तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारण नाही. यमनात तोच स्वर प्रसन्नता आणतो. पण यमनात तो पंचमाकडे जाणाऱ्या वाटेवर भेटतो. येथे पुढची वाट बंद करून त्याला एकटाच उभा केला आहे, आणि लय इतकी संथ ठेवली आहे की पाऊल कोणाचे वाजते म्हणून ऐकणारा मागे वळून पाहील. म्हणजे भय स्वरात नसते, स्वराच्या एकटेपणात असते. त्यांचा गायक ऑझी ऑसबोर्न 2025 च्या जुलैत वारला. त्या संगीताचा पसारा आज जगभर आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. भयाला आरोळीच कशाला हवी? 1949 सालच्या 'महल' चित्रपटात खेमचंद प्रकाशांच्या चालीवर लता मंगेशकरांनी जे गीत गायिले ते ऐकून काळजाचा ठोका चुकतो, आणि त्यात कोठे किंकाळी नाही. आवाज दुरून जवळ येतो असे भासावे म्हणून आपण ध्वनिग्राहकाकडे चालत येत गायिलो, असे लताबाईंनी सांगितले आहे. आक्षेप मान्य आहे. भयाच्या वाटा दोन. एकीत आवाज दूर असतो आणि आपण त्याच्याकडे ओढले जातो. दुसरीत तो एकाएकी अंगावर येतो. पहिलीत हास्याला शिरकाव नाही. दुसरीत मात्र दचकलेला जीव सावरताना हसल्यावाचून राहत नाही, आणि ते हसणे भयाचा शत्रू नसून त्याचा उच्छ्वास आहे. नीना सिमोन या थोर गायिकेने 1965 साली हॉकिन्सचे गीत गायिले तेव्हा ते पहिल्या वाटेवर आणून सोडले: किंकाळी नाही, कवटी नाही, केवळ एका स्त्रीचा अभिमान आणि अगतिकता. परंतु त्या साध्या प्रेमगीताच्या पोटात एवढा अंधार आहे हे हॉकिन्सच्या आरोळीने आधी दाखविले नसते, तर तिने ते हाती घेतले असते की नाही याची आम्हांस शंका आहे.

आता ज्याने ही आरोळी ठोकली त्याच्याविषयी. हॉकिन्सची मूळ आकांक्षा पॉल रोब्सनसारखा धीरगंभीर गायक होण्याची, ऑपेरा गाण्याची होती. त्याचा आवाजही त्या योग्यतेचा होता. शवपेटीतून एकदा बाहेर आलेल्या गायकाला लोकांनी पुन्हा कधी सरळ दारातून येऊ दिले नाही. त्यातच त्याच्या वेषातील हाडे आणि कवट्या पाहून गोऱ्या प्रेक्षकांना आपल्या मनातील रानटी आफ्रिकेचे चित्रच खरे झाल्यासारखे वाटे, आणि त्यामुळे त्याचे स्वजनही त्याच्यावर रुष्ट झाले. त्यांचा रोष अकारण नव्हता. भयाच्या सोंगाला काळा रंग कोणी दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न रसचर्चेत झाकून ठेवण्यासारखा नाही. तो 2000 साली फ्रान्समध्ये वारला. त्याचा अनुयायी सच हा निवडणुकांतील थट्टेखोर उमेदवार म्हणून देशभर ओळखला गेला, आणि 1999 साली नैराश्याने ग्रासून त्याने आत्महत्या केली. हसविणाऱ्या भुताच्या सोंगाखाली माणूस असतो, त्याला एक आवाज असतो, आणि सोंग पाहून हसणे किंवा नाक मुरडणे या दोहोंत तो आवाज ऐकावयाचा राहून जातो. टीकाकाराचे काम तो ऐकण्याचे. आम्ही ते केले नव्हते.

कोलशेतच्या त्या रात्री खेळ संपल्यावर तो नट सामानाच्या गाडीत चढताना आम्हांस दिसला. काळा वेष त्याने व्यवस्थित घडी करून पिशवीत ठेवला होता. त्याचा भाग कोणी गाळला हे त्याला ठाऊक नव्हते; आम्हांस सांगण्याचे धैर्य झाले नाही. यंदाच्या माघातही खेळ व्हावयाचा आहे, आणि व्यवस्थापक मंडळी पुन्हा विचारावयास आली. वेळ तेवढाच आहे, दहाची मर्यादाही तीच. या वेळी आम्ही सुचविले की, आरंभीचा पाहुण्यांचा सत्कार आणि भाषणे गाळावीत; त्यांत आमचेही एक होते. मंडळींना हे फारसे रुचलेले दिसले नाही. परंतु इमारतीतील मुलांनी आतापासूनच 'तो काळा येणार का?' म्हणून विचारण्यास आरंभ केला आहे, आणि त्यांच्या आग्रहापुढे भाषणांचा टिकाव लागणार नाही असा आमचा अंदाज आहे.